धूळपाटी, नभोवाणी आणि मोबाईल



शाळेत मोबाईल असावा की नसावा, हा प्रश्न हल्ली पालकांच्या सभेत हटकून निघतो. एखादे आजोबा म्हणतात, ‘पोरं दिवसभर त्या डबीत डोकं घालून बसतात, शाळेत तरी ती नको.’ एखादा तरुण बाप म्हणतो, ‘सगळं जग त्यात आलंय, मग शाळेनंच मागं का राहायचं?’ दोघांचेही म्हणणे अगदीच खोटे नाही. गुरुजी मात्र पेचात पडतात, कारण वरून येणाऱ्या परिपत्रकाप्रमाणे अमुक ॲप उघडायचे असते, आणि समोर बसलेल्या चाळीस मुलांपैकी कितीजणांच्या घरी फोन आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक असते.

या वादाचा निवाडा आज एका भाषणात होणार नाही. पण वर्गात शिरलेले मोबाईल हे काही पहिले साधन नव्हे. त्याच्या आधी कितीतरी साधने शाळेच्या उंबऱ्यातून आत आली. काहींनी मुलांना खरोखर शिकवले, काही कपाटात पडून राहिली. असे का झाले, हे मागे वळून पाहिले म्हणजे आजच्या प्रश्नाचा गुंता थोडा तरी सुटतो. म्हणून आज आपण ही मागची वाट चालून पाहू.

आपल्याकडच्या जुन्या पंतोजींच्या शाळेत मुलाच्या हाती पहिल्यांदा येई ती धूळपाटी. लाकडाची फळी, तिच्यावर बारीक धूळ किंवा विटेची भुकटी पसरलेली, आणि टोकदार काडी. त्या धुळीत मूल अक्षर काढी, पंतोजी पाहत, चुकले तर हाताने पुसून पुन्हा काढायला लावीत. पहिल्या अक्षरांना आपण अजूनही ‘धुळाक्षरे’ म्हणतो ते यामुळेच. साधन किती साधे! पण त्यात एक मोठा गुण होता. मुलाने काय काढले ते गुरूला तिथल्या तिथे दिसे, आणि चूक दुरुस्त करायला काहीच खर्च येत नसे. पुढे दगडी पाटी आली, तीही याच गुणामुळे टिकली. लिहा, दाखवा, पुसा, पुन्हा लिहा.

छापील पुस्तकाची गोष्ट मात्र निराळी. १८२० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात मराठी शाळांसाठी पुस्तके छापली जाऊ लागली. तोवर जे ज्ञान पंतोजींच्या मुखातून येई, ते आता कागदावर आले. हा लाभ फार मोठा होता, यात शंका नाही. एकच मजकूर कोकणातल्या आणि खानदेशातल्या मुलाला सारखाच वाचता येऊ लागला. पण पुस्तकाला प्रश्न विचारता येत नाही, आणि आपण वाचले ते मुलाला समजले की नाही हे पुस्तकाला कळत नाही. त्यामुळे जिथे शिक्षक चांगला होता तिथे पुस्तक दिव्यासारखे उपयोगी पडले, आणि जिथे तो नव्हता तिथे त्याच पुस्तकातून घोकंपट्टी उभी राहिली. साधन तेच, फळ वेगळे. हा अनुभव पुढे प्रत्येक नव्या यंत्राच्या बाबतीत पुन्हा पुन्हा आला.

आता नभोवाणीकडे येऊ. आपल्या देशात शाळांसाठी खास कार्यक्रम प्रक्षेपित करायला १९३० नंतरच्या दशकातच आरंभ झाला होता. पण रेडिओ शिकवतो म्हणजे नेमके काय करतो, याची नीट पारख झाली ती १९५६ साली, आणि तीही आपल्याच मराठी मुलखात. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत दीडशे गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावी शेतकऱ्यांचे एक श्रोतृमंडळ स्थापन झाले. फेब्रुवारी ते एप्रिल असे दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम पुणे केंद्रावरून होई. एकूण वीस कार्यक्रम. विषय गावाच्या रोजच्या जीवनातले: शेती, आरोग्य, गावचा कारभार. या प्रयोगाला युनेस्कोचे साहाय्य होते, आणि त्याची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञांनी केली.

या मंडळांची रीत ध्यानात घेण्यासारखी होती. पंधरा-वीस माणसे ठरलेल्या वेळी एकत्र जमत. कार्यक्रम ऐकून कुणी उठून जात नसे. रेडिओ बंद केल्यावर खरे काम सुरू होई. ऐकलेले आपल्या गावाला लागू पडते का, पडत असेल तर काय करायचे, यावर मंडळी आपसांत बोलत. मंडळाचा चिटणीस ते टिपून घेई, आणि उरलेल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवी. त्या शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. म्हणजे रेडिओ एकाच बाजूने बोलणारे यंत्र असूनही, पोस्टाच्या मदतीने का होईना, त्याला कान फुटले होते.

पाहणी करताना तुलनेसाठी आणखी काही गावे घेतली होती. काही गावांत रेडिओ होता पण श्रोतृमंडळ नव्हते. काही गावांत रेडिओही नव्हता. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना त्या विषयांतली माहिती विचारण्यात आली. निकाल स्पष्ट आला. जिथे मंडळ होते तिथे लोकांच्या ज्ञानात मोठी भर पडली होती. जिथे नुसता रेडिओ होता आणि चर्चा नव्हती, तिथे भर पडली ती अगदी थोडी. विचार करा, श्रोते हो: आवाज तोच, वक्ते तेच, अर्धा तासही तोच. फरक होता तो रेडिओ बंद केल्यानंतरच्या वेळात. हा प्रयोग इतका पटला की १९५९ पासून अशी मंडळे देशभर काढण्याचे काम हाती घेण्यात आले.

यानंतरचा मोठा प्रयोग दूरचित्रवाणीचा. डॉ. विक्रम साराभाई यांचे एक स्वप्न होते, की जिथे अजून रस्ता गेला नाही तिथेही उपग्रहाच्या द्वारे शिक्षण पोचवावे. १९७१ साली त्यांचे निधन झाले. पण १ ऑगस्ट १९७५ रोजी ते स्वप्न प्रत्यक्षात उतरले. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी आपल्याला वापरायला मिळाला. सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसले. प्रत्येक संचाला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची छत्री होती. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी. सुटीच्या काळात शिक्षकांसाठीही पाठ झाले. जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर असा प्रयोग तोवर झाला नव्हता.

पण ३१ जुलै १९७६ ला वर्ष संपले. उपग्रह ज्यांचा होता त्यांना तो परत हवा होता. ठरल्याप्रमाणे तो गेला, आणि त्याच्यावर अवलंबून असलेला कार्यक्रम थांबला. या प्रयोगाने आपल्या शास्त्रज्ञांना आणि निर्मात्यांना पुष्कळ शिकवले. त्यातूनच पुढे आपल्या स्वतःच्या उपग्रहांची वाट सोपी झाली. तरीपण शाळेच्या दृष्टीने एक गोष्ट गाठीला बांधून ठेवण्याजोगी आहे. साधनाची दोरी ज्याच्या हाती, त्याच्या सोयीने ते चालते आणि थांबते. आज मोबाईलवरचे एखादे ॲप परवापर्यंत फुकट होते आणि काल त्याला पैसे पडू लागले, असे झाले म्हणजे १९७६ चा तो जुलै महिना आठवावा.

संगणकाचा आरंभही असाच उत्साहाने झाला. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढली, आणि देशातल्या सुमारे अडीचशे माध्यमिक शाळांत ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले. त्यानंतरच्या वर्षांत शाळांमध्ये ‘संगणक कक्ष’ नावाची खोली आली. त्या खोलीचे पुढे काय होई, ते शिक्षक मंडळींना वेगळे सांगायला नको. यंत्र महाग, बिघडले तर जबाबदारी कुणाची? म्हणून खोलीला कुलूप, यंत्रावर कापड, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात. मुलांनी हात लावला नाही म्हणून यंत्र बिघडले नाही, आणि हात लावला नाही म्हणून मुले शिकलीही नाहीत.

आणि मग मोबाईल आला. भारतातले पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला, दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी ते केले. त्या दिवसांत मिनिटामिनिटाला कित्येक रुपये पडत, आणि दुसऱ्याने केलेला फोन घ्यायलाही पैसे द्यावे लागत. हे यंत्र कधी ऊसतोड कामगाराच्या खिशात असेल, असे त्या वेळी कुणी म्हटले असते तर हसे झाले असते. पुढे दर उतरले, संच स्वस्त झाले, आणि २०१६ नंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले की रानात गुरे राखणारा पोरगाही व्हिडिओ पाहू लागला. सरकारी कागदांत याला ‘भ्रमणध्वनी’ म्हणतात. लोकांनी मात्र ‘मोबाईल’ हाच शब्द घरचा करून टाकला.

फोनचा शाळेसाठी उपयोग करण्याचे प्रयत्न जगात आपल्या आधी झाले. फिलिपाइन्स हा हजारो बेटांचा देश. बेटाबेटांवर चांगली साधने पोचवणे अवघड. तिथे २००३ च्या सुमारास ‘टेक्स्ट-टू-टीच’ नावाची योजना सुरू झाली. शिक्षकाने साध्या फोनवरून संदेश पाठवायचा, की मला अमुक पाठ हवा. मग उपग्रहामार्फत त्या विषयाची छोटी चित्रफीत शाळेतल्या दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या पेटीत उतरे, आणि शिक्षक ती वर्गाला दाखवी. इथे फोन मुलांच्या हाती नव्हता, शिक्षकाच्या हाती होता. कोणता पाठ, कधी, आणि त्याच्या आधी-नंतर काय बोलायचे, हे शिक्षकच ठरवी. फोनने त्याची जागा घेतली नाही. त्याचा हात तेवढा लांब केला.

आपल्या महाराष्ट्रात या कथेला वेगळे वळण मिळाले ते एका काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणेमुळे. तिला क्यूआर कोड म्हणतात. ही खूण १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांनी तयार केली, आणि तीही कशासाठी, तर मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठी. कंपनीने तिच्यावर कोणाकडून पैसे मागितले नाहीत, म्हणून ती जगभर पसरली. कारखान्यातल्या खोक्यांवरची ही खूण पुढे आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात येऊन बसली. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकात अशा खुणा घालून मुलांना कवितांचे ध्वनिमुद्रण, गोष्टी, चित्रफिती उपलब्ध करून दिल्या. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिला.

ही कल्पना एका शाळेपुरती राहिली नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीच्या पुस्तकांवर अशा खुणा छापल्या जाऊ लागल्या, आणि ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षकदिनी, सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ या व्यासपीठाशी त्या जोडल्या गेल्या. खुणेसमोर फोन धरला की त्या धड्याचे पूरक साहित्य उघडते. यात गंमत अशी, की छापील पुस्तकाला जे जमत नव्हते, म्हणजे बोलून दाखवणे आणि हालचाल दाखवणे, ते या खुणेमुळे त्याला जमू लागले. पुस्तक गेले नाही. पुस्तकाला कंठ फुटला. पण आपण वाचले ते मुलाला समजले की नाही, हे पुस्तकाला जसे पूर्वी कळत नव्हते तसे या खुणेलाही कळत नाही. ते कळायला अजूनही समोर माणूसच लागतो.

या गोष्टीची मोठी कसोटी लागली ती २०२० साली. मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, आणि एका रात्रीत फोन हीच शाळा झाली. त्या काळात ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीने काही आकडे पुढे आणले. शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता, असे प्रमाण देशात २०१८ साली ३६.५ टक्के होते. २०२० साली ते ६१.८ टक्क्यांवर गेले. कित्येक आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन फोन घेतला, हे या आकड्यामागे आहे. पण २०२१ च्या पाहणीत असे आढळले, की ज्यांच्या घरी फोन होता त्या मुलांपैकीही चौथ्या हिश्शाहून अधिक मुलांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता. का मिळावा? घरात फोन एक आणि तो बापाच्या खिशात. बाप सकाळी कामाला गेला की शाळाही त्याच्याबरोबर गेली. दोन भावंडे असली तर थोरल्याचा तास आधी, आणि मुलगी असेल तर तिचा नंबर बहुधा शेवटी.

हे पाहून ज्यांनी स्वस्थ बसायचे नाही असे ठरवले, त्यांनी जुनीच साधने पुन्हा हाती घेतली. सह्याद्री वाहिनीवरून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका झाली. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम झाला. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर ध्वनिवर्धकावरून धडे ऐकवले गेले. सोलापूर शहरात नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुले येता-जाता थांबून वाचू लागली. बघा, मंडळी, सर्वांत नवे यंत्र अपुरे पडले तेव्हा भिंत, भोंगा आणि रेडिओ कामी आले. कारण ही साधने सार्वजनिक होती. त्यांच्यासाठी कुणाच्या बापाला कामावर जाताना काही मागे ठेवून जावे लागत नव्हते.

याच सुमारास आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात एक प्रयोग झाला. आपल्या १९५६ च्या श्रोतृमंडळांची आठवण व्हावी असाच तो होता. तिथेही शाळा बंद होत्या. सुमारे साडेचार हजार कुटुंबांचे तीन गट केले. एका गटाला दर आठवड्याला फोनवर गणिताची थोडी उदाहरणे लिहून पाठवत. दुसऱ्या गटाला ती उदाहरणे तर पाठवतच, शिवाय आठवड्यातून एकदा शिक्षक स्वतः फोन करी, आईला किंवा बापाला मुलाला जवळ बोलवायला सांगे, आणि वीसेक मिनिटे त्या मुलाशी त्या उदाहरणांबद्दल बोले. तिसऱ्या गटाला काहीच नाही. फोन साधाच, चित्रफीत नाही, ॲप नाही, इंटरनेटसुद्धा नाही.

काही महिन्यांनी मुलांना फोनवरच गणिते घातली. नुसते संदेश गेलेल्या मुलांत म्हणावा असा फरक पडला नव्हता. ज्यांच्याशी कुणी बोलले होते, ती मुले मात्र पुढे गेली होती. पुढे हाच प्रयोग भारत, नेपाळ, फिलिपाइन्स, केनिया आणि युगांडा या पाच देशांत झाला. तिथेही नुसत्या संदेशांपेक्षा फोनवरच्या शिकवणीचा लाभ कितीतरी अधिक दिसला. आणि जिथे सरकारी शाळांच्या शिक्षकांनी हे फोन केले, तिथेही गुण कमी आला नाही. म्हणजे चौसष्ट वर्षांच्या अंतराने, दोन निराळ्या खंडांत, दोन निराळ्या यंत्रांनी एकच साक्ष दिली. यंत्रातून आलेला मजकूर मुलाच्या कानावरून जातो. त्यावर कुणी त्याच्याशी बोलले की तो आत उतरतो.

आता नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण त्या आजोबांचे म्हणणे सोडून चालणार नाही. इंग्लंडमध्ये चार शहरांतल्या एक्याण्णव माध्यमिक शाळांचा अभ्यास करून २०१५ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी असे दाखवले, की शाळेत फोनवर बंदी आल्यानंतर मुलांचे परीक्षेतले गुण सुधारले. पण सर्वांचे सारखे नव्हेत. हुशार मुलांना बंदीने फारसा फरक पडला नाही. अभ्यासात मागे असलेल्यांना सर्वांत जास्त लाभ झाला. याचा अर्थ असा, की वर्गातल्या मोकाट फोनची किंमत सर्वांत जास्त कोण मोजतो, तर आधीच मागे राहिलेले मूल. फ्रान्सने २०१८ साली कायदा करून प्राथमिक शाळांत आणि साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत फोनला मनाई केली. मात्र शिकवण्यासाठी शिक्षकाच्या परवानगीने केलेल्या वापराला त्यात मुभा ठेवली. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक अहवालानेही हेच बजावले, की तंत्रज्ञान शिकण्याला मदत करीत असेल तेव्हाच वर्गात यावे, आणि त्याने शिक्षकाची जागा घेऊ नये.

आपल्याकडचा २०२४ चा ‘असर’ अहवालही बोलका आहे. ग्रामीण भागातल्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. पण पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासाच्या कामी तो वापरणारी मुले निघाली ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांवर वेळ घालवणारी ७६ टक्के. याबद्दल मुलांना दोष देऊन काय उपयोग? कुणी हाताला धरून शिकवले नाही तर हत्यार हाती आलेले मूल त्याच्याशी खेळणारच. विळा कसा धरायचा हे आपण शेतात मुलाला दाखवतो. फोन कसा धरायचा हे मात्र त्याने आपले आपण शिकावे, अशी आपली अपेक्षा असते.

तर या सगळ्या इतिहासातून शिक्षकाने काय घ्यावे? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, चर्चेची. १९५६ ची रीत आजही जशीच्या तशी चालते. वर्गात एक फोन, तोही गुरुजींचा किंवा बाईंचा, एवढे पुरते. कविता ऐकवण्याआधी एक प्रश्न फळ्यावर लिहावा. कविता ऐकवावी, आणि फोन पालथा ठेवून द्यावा. मग चार-चार मुलांच्या गटांना बोलू द्यावे. पाच मिनिटे ऐकणे आणि पंधरा मिनिटे बोलणे, हे माप बरे. फोन वापरायचा तर धूळपाटीसारखाही वापरता येतो. मुलाचे वाचन मुद्रित करावे, त्यालाच ऐकवावे, चुकले तर पुसून पुन्हा वाचायला सांगावे. आपलाच आवाज ऐकून कुठे अडखळलो हे मुलाला जितके कळते, तितके दहादा ओरडून कळत नाही. गावातल्या म्हाताऱ्या बाईची ओवी, बियाण्यांची जुनी नावे, आडनावांच्या कथा मुलांनी मुद्रित करून आणल्या तर फोनमधून ज्ञान नुसते येणार नाही, त्यात भरही पडेल.

दुसरी गोष्ट, वाट्याची. ज्या अभ्यासासाठी घरी फोन लागतो, तो अभ्यास वर्गातल्या काही मुलांसाठी दार बंद करतो. चाळीसपैकी चार मुलांकडे फोन नसला तर ती चार मुले न विचारता गप्प बसतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘अभ्यास का केला नाही’ म्हणून उभी राहतात. ही गोष्ट त्या मुलांना फार लागते, आणि शाळा सुटण्याची सुरुवात पुष्कळदा अशाच लहानशा अपमानाने होते. म्हणून फोनवरचे काम शाळेत, शाळेच्या साधनावर, सर्वांच्या समोर व्हावे. घरचा अभ्यास वही-पेन्सिलीने, घरच्या माणसांना विचारून, परसातल्या झाडाकडे पाहून करता येईल असा असावा.

तिसरी गोष्ट, दोरीची. साहित्य आधीच फोनवर उतरवून ठेवावे, म्हणजे रेंज गेली तरी पाठ अडत नाही. एकाच ॲपवर सारी भिस्त ठेवू नये. आणि मुलांचे फोटो, नावे, पत्ते कुठल्याही ॲपला देण्याआधी ते कुणाकडे जातात हे विचारण्याची सवय शाळेने लावून घ्यावी. उपग्रह परत मागणाऱ्यांनी निदान तारीख आधी सांगितली होती. आजची पुष्कळ ॲपे तेवढेही सांगत नाहीत.

गेल्या दोनशे वर्षांत शाळेत किती साधने आली! प्रत्येक वेळी कुणी म्हणाले की आता शिक्षकाची गरज उरणार नाही, आणि कुणी म्हणाले की आता मुले बिघडणार. दोन्ही भाकिते अर्धवटच खरी ठरली. साधन आले, काही दिवस त्याचा बोलबाला झाला, आणि शेवटी ते शिक्षकाच्या हातात जाऊन पडले. हात चांगला होता तिथे त्याने काम केले.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आपल्या प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती आहे, आणि तिच्यात पालक बहुसंख्येने असतात. फोनचा प्रश्न परिपत्रकाची वाट पाहत ठेवण्यापेक्षा या समितीच्या पुढच्या बैठकीत घ्यावा. कोणत्या वर्गात, कोणत्या विषयाला, किती मिनिटे, आणि कुणाच्या हातात, एवढे चार प्रश्न लिहून न्यावेत. त्यांची उत्तरे वाडीवाडीला वेगळी येतील, आणि तशी ती यायला हरकत नाही. उत्तरे टिपून ठेवावीत, आणि सहा महिन्यांनी ती पुन्हा तपासावीत. आजचे हे बोलणे इथे संपते. यापुढचे बोलणे आपण आपल्या गावात, आपल्या माणसांशी करावे, एवढीच विनंती.